मिस्टर पोल्डनची बाग गेली कुठे?

“मी सांगते ना, हा फोटो खोटा आहे!” हेटीनं लॅपटॉप मॉड आत्याच्या बशीपुढे सरकवला.

मॉड आत्या टोस्टला संत्र्याचा मुरंबा फासत होती. लीड्समध्ये जन्मभर बस चालवून ती नुकतीच निवृत्त झाली होती. शनिवार-रविवारी आपल्या दोन्ही भाच्यांना स्केलहेडच्या समुद्रावर न्यायचं तिनं ठरवलं होतं. शेजारची, हेटीची मैत्रीण मर्सीही सोबत येणार होती. जाहिरातीतला फोटो पाहून कड्यावरचं एक टुमदार घर भाड्यानं घेऊनही झालं होतं.

“छान तर आहे! ऐसपैस हिरवळ, सफरचंदाचं झाड, समुद्राकडे तोंड करून बाक. चारचा चहा मी त्या बाकावरच पिणार!”

“आता हे बघ,” मर्सीनं दुसरं चित्र उघडलं. स्केलहेडच्या किनाऱ्यावर एक कॅमेरा होता. लाटा कशा आहेत ते कुणीही घरबसल्या पाहू शकत होतं. “तेच लाल कौलांचं घर. पण इथं ते कड्याच्या अगदी टोकावर आहे! मग बाग कुठं गेली?”

“मांजरानं खाल्ली!” हेटीचा धाकटा भाऊ फर्गस खिदळला.

“अरे, कॅमेऱ्यात लांबचं जवळ दिसतं,” आत्या म्हणाली. “तुम्हाला ना, सगळीकडे चोरच दिसतात! चला, कपडे भरा.”

हेटीनं कपडे भरले खरे, पण शंकेचं भूत काही मानेवरून उतरेना.

शनिवारी घरमालक मिस्टर पोल्डन दारातच उभे होते. गुलाबी चेहरा, फुलाफुलांचा एप्रन आणि तोंडात साखर.

“या, या! माझं घर म्हणजे तुमचंच घर समजा!”

मुलं तडक मागच्या अंगणात धावली. हिरवळ होती, पण कशीबशी एखादी चादर अंथरण्याएवढी! तिच्या मध्यावर फुलांच्या मोठ्या कुंड्यांची रांग. कुंड्यांच्या पलीकडे तो बाक. आणि बाकापलीकडे नुसतं आभाळ.

“सफरचंदाचं झाड कुठंय हो?” हेटीनं विचारलं.

“म्हातारं झालं होतं. तोडलं.” पोल्डन गडबडीनं म्हणाले.

“मग बुंधा कुठंय?” फर्गस म्हणाला.

पोल्डनचं हसू क्षणभर मावळलं. “तुझा भाऊ भारी चौकस दिसतोय! जा बाळांनो, किनाऱ्यावर खेळा. मी चहाची तयारी करतो.”

“बघितलंस?” किनाऱ्याकडच्या पायऱ्या उतरताना मर्सी कुजबुजली. “ते बोलत होते आपल्याशी, पण पाय मात्र कुंड्यांच्या अलीकडेच!”

ओहोटी लागली होती. चिप्सच्या आशेनं सीगल पक्षी डोक्यावर घिरट्या घालत होते. वळसा घालून तिघंही त्या घराच्या बरोबर खाली पोचली आणि जागच्या जागी थबकली.

वाळूवर ओल्या मातीचा ढीग पडला होता. त्यात मुळांसकट आडवं झालेलं एक झाड! फांद्यांना समुद्रशेवाळ लोंबत होतं, तरी एका डहाळीवर दोन-चार पांढरी फुलं तग धरून होती.

“सफरचंद,” हेटी हळूच म्हणाली. “तोडलं नाही. पडलं!”

“आणि हे बघा!” फर्गसनं मातीतून एक तुटकी फळी उपसली. तिच्यावर लाल अक्षरं होती: ‘धोका! कडा ढासळतो आहे.’

मर्सीनं मान वर केली आणि ती दोन पावलं मागं सरली. बाकाच्या खालची माती पार पोखरून गेली होती. वर नुसतं गवताचं छप्पर उरलं होतं. त्यातून मुळं लोंबकळत होती आणि चिमूटचिमूट माती सतत गळत होती.

“चारचा चहा!” हेटी किंचाळली. “आत्या!”

तिघं जीव खाऊन पळाली. पायऱ्या चढताना फर्गस दोनदा धडपडला, पण फळी काही त्यानं सोडली नाही.

अंगणात पोल्डन ट्रे घेऊन उभे होते. मॉड आत्या कपबशी सावरत दोन कुंड्यांमधून पलीकडे पाऊल टाकणार, एवढ्यात—

“आत्या, थांब! हलू नकोस! खाली पोकळ आहे!”

आत्या दचकली. चहा बशीत सांडला.

“पोरं म्हणजे पोरं!” पोल्डन मोठ्यानं हसले. “कुठली तरी जुनी फळी उचलून आणली वाटतं! बसा हो बाई, बिनधास्त बसा. तो बाक दगडासारखा पक्का आहे.”

आत्या गोंधळली. फळीकडे पाहावं की पोल्डनकडे?

हेटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं श्वास आवरला आणि गोड हसली.

“आमचंच चुकलं, मिस्टर पोल्डन. आम्हाला तुमचा एक फोटो काढू द्या ना! तुम्ही आणि तुमचा बाक. घर किती छान आहे, ते आम्ही सगळ्यांना दाखवू.”

“माझा? छे, छे! एप्रन मळलाय.”

“ट्रे मी धरते,” म्हणत मर्सीनं तो घेतलासुद्धा.

“माझी पाठ धरलीये…”

“मग तर बसलंच पाहिजे!” फर्गस म्हणाला. “दगडासारखा पक्का आहे ना?”

पोल्डननं एक पाऊल पुढे टाकलं. कुंडीपाशी ते अडलं. कपाळावर घाम डवरला. गुलाबी चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

“बसा की,” मॉड आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम थंड झाला होता. “मला बसवत होतात ना?”

पोल्डन मटकन हिरवळीवरच बसले. घराकडच्या बाजूला. “पाटी पाहिली की पाहुणे दारातूनच परत जायचे हो! म्हणून मीच ती उपटून खाली फेकली. वाटलं, एवढा उन्हाळा तरी निभावेल…”

“माझ्या जिवावर?” आत्या कडाडली आणि तिनं तडक किनारारक्षकांना फोन लावला.

किनारारक्षक दलाची एक उंच अधिकारी साथीदारांसह आली. सगळ्यांना तिनं घरापुढच्या रस्त्यावर हटवलं. साथीदार कड्याखालची वाट दोरीनं बंद करून आले. आणि मग धप्प असा एक जाड आवाज झाला. फारसा मोठाही नव्हता. पण रस्त्यावरून घराच्या कोपऱ्यापलीकडे पाहिलं तर बाक नव्हता, अर्ध्या कुंड्या नव्हत्या, हिरवळही नव्हती.

पोल्डननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “मिस्टर पोल्डन,” अधिकारी म्हणाली, “याचा जाब तुम्हाला द्यावाच लागेल.” मग ती मुलांकडे वळली. “शाब्बास! तुमच्यामुळे आज एक जीव वाचला. पण त्या कड्याखाली पुन्हा कधी उभे राहिलात तर खबरदार!”

फर्गसनं हातातली फळी हळूच खाली ठेवली. आपण तिथं, बरोबर त्याच्याच खाली, फळी उपसत होतो!

मॉड आत्यानं तिघांना एकदम मिठीत घेतलं, इतकं घट्ट की मर्सीचा चष्मा वाकडा झाला.

“तुम्ही पहिल्यापासून सांगत होतात,” ती म्हणाली, “आणि मी मेली टोस्ट खात बसले! हुशार आहात रे पोरांनो. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार.”

हेटीनं आत्याचे हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.