चार वाजता वाजणारा भोंगा

तुम्हाला हे पटेल की नाही, ठाऊक नाही. पण त्या घरात मी स्वतः होते. अर्लीन माझी सख्खी थोरली बहीण.

फेब्रुवारी १९८७. ओहायो. बाहेर गुडघाभर बर्फ.

तिचा नवरा मर्ल जुन्या सायकली जमवायचा. तीसच्या दशकातल्या, विमानासारख्या निमुळत्या, खोट्या पेट्रोलटाकीच्या. गॅरेजमध्ये बावीस होत्या.

"मला कधी इतक्या मायेनं पुसलंस का रे?" अर्लीन टोमणा मारायची.

मग तिला पक्षाघात झाला. तोवर दोन वर्षं पाय हलले नव्हते.

त्या फेब्रुवारीत मर्लनं एका कोठारातून १९३७ची निळी सायकल आणली. टाकीत भोंगा होता. बॅटरी नव्हती. तारा उंदरांनी खाल्लेल्या.

तरीही दुपारी चार वाजता...

पॉंऽऽ!

"आले गं!" अर्लीन पलंगावरून ओरडली.

"कुणाला म्हणतेस?" मी विचारलं.

"ऐकू नाही आलं? ती बोलावतेय."

ती हसत होती.

सलग तीन दिवस तेच.

चौथ्या दिवशी मर्लनं भोंगा उपटला आणि हातोड्यानं ठेचला. सायकलीवर ओरखडा दिसला तरी जेवण न जाणारा माणूस तो!

चार वाजता...

पॉंऽऽ!

या वेळी गॅरेजमधून नाही, अर्लीनच्या खिडकीखालून.

दुसऱ्या दिवशी त्यानं, ज्यांच्याकडून ती सायकल घेतली त्या म्हाताऱ्या थेल्माबाईंना फोन लावला. मी शेजारीच होते.

"ती माझ्या बहिणीची," त्या म्हणाल्या. "चार वाजता भोंगा वाजवून मैत्रिणींना बोलवायची. एकदा बर्फात गेली. सायकल सापडली. ती नाही."

"परत घ्या हो! पाया पडतो तुमच्या!"

फोन कट झाला.

मर्लनं सायकल ट्रकमध्ये दोरानं करकचून बांधली. "लोइस, तिचा हात सोडू नकोस," एवढं म्हणून तो थेल्माबाईंकडे निघाला.

मी हात धरून बसले.

चार वाजले.

काहीच नाही...

सव्वाचार. तरीही शांत. मला रडूच आलं. अर्लीनला झोप लागली होती. मी कॉफी ठेवायला उठले. दोन मिनिटं, देवाशपथ.

परतले तर पलंग रिकामा.

गादी अजून गरम.

पुढचं दार सताड उघडं. बर्फात सायकलीच्या चाकांचा माग. पावलाचा ठसा एकही नाही...

मी अनवाणी धावले. रस्त्याच्या मध्यावर माग संपला होता. पुढे कोरा बर्फ.

तेवढ्यात मर्लचा ट्रक आला. थेल्माबाईंनी दारच उघडलं नव्हतं. सायकल मागे तशीच, दोरानं बांधलेली.

काच खाली करून त्यानं विचारलं, "अर्लीन कशी आहे?"

मी बर्फातल्या मागाकडे बोट दाखवलं.

पोलीस आले, कुत्री आली. वसंतात बर्फ वितळला. ती सापडली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी मर्लकडे गेले. कडाक्याच्या थंडीत तो दार उघडं टाकून बसला होता. ओठ निळे पडलेले.

मी दार लावायला गेले तर त्यानं माझं मनगट धरलं.

"लावू नकोस लोइस. ती यायची नाही, कळतंय मला. पण मलाही कुणी बोलावलं तर? जाता यायला हवं."

मी दार लावलं. कडी घातली.

तो लहान मुलासारखा रडला.

मी बरोबर केलं का... अजून कळत नाही.