कोपऱ्यातल्या खोलीचं दार

“दार लोटायचं नाही. कुणीही सांगितलं, तरी नाही. काय सांगितलं मी? म्हणून दाखव.”

बाई या वृद्धाश्रमात राहायला आल्या, तेव्हा सामान खाली ठेवायच्या आधी हेच बोलल्या होत्या. सगळं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलेलं. सूचना दिली की समोरच्याकडून वदवून घ्यायची, ही खोड काही सुटली नव्हती. आणि सिस्टरनेही औषधांचा ट्रे हातात धरून शाळकरी मुलीसारखं म्हणून दाखवलं होतं, “दार लोटायचं नाही. कुणीही सांगितलं, तरी नाही.”

कारण तिला पुढे कळलं. बाई एकट्या राहायच्या. एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दार आतून लागलेलं. हाका मारून मारून घसा बसला, शेजाऱ्यांना वाटलं बाई बाहेरगावी गेल्या असतील. तेव्हापासून दार बंद झालं की त्यांचा श्वास अडायचा. डोळ्यांना दिसतही अंधुकच होतं. दार उघडं असलं की निदान येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं कानावर पडत. म्हणून कोपऱ्यातल्या त्या खोलीच्या दाराखाली सिस्टरने लाकडाची एक पाचर घट्ट बसवून ठेवली होती. दिलेला शब्द तिच्या लेखी जपाच्या माळेसारखा होता, मध्येच खाली ठेवायचा नाही.

त्या सकाळी पाऊस खिडकीच्या काचांवर टिचक्या मारत होता. सिस्टर औषधांची ट्रॉली उलटी ओढत कॉरिडॉरमधून येत होती, आणि तिचा पाय कशावर तरी पडला. काहीतरी मऊ... आणि ते हललं.

“अगं बाई! कोण पडलं?”

“पडलो नाही,” खालून आवाज आला. “झोपलोय. म्हणजे... फट बघतोय.”

“कसली फट?”

“दाराखालची. तुमचा पाय माझ्या हातावर आहे. घाई नाही, सवडीने काढलात तरी चालेल.”

ती टुणकन बाजूला झाली. एक तरुण उठून बसला. हातात बॅटरी, कानामागे पेन्सिल, आणि एका गालावर फरशीची अख्खी धूळ. सिस्टरने ओठ घट्ट मिटले, तरी हसू डोळ्यांत आलंच.

“गालाला लागलंय... तो नाही. दुसरा.”

त्याने तोच गाल पुन्हा पुसला.

तो आगीपासून वाचवणारी दारं तपासणारा तपासनीस होता. दाराच्या चारही बाजूंची फट मोजायची, बिजागरीचे स्क्रू बघायचे, कडेची पट्टी चाचपायची. आगीची धग लागली की ती पट्टी फुगते आणि धुराची वाट बुजवते. मग दार सोडून द्यायचं आणि ते आपलं आपण मिटतं का, ते बघायचं. दुपारपर्यंत मावशींनी त्याचं बारसं करून टाकलं होतं. मावशी म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या मदतनीस. हात रिकामे झाले की लोकर घ्यायच्या. किटलीला टोपी, खुर्च्यांच्या पायांना मोजे, गरम पाण्याच्या पिशवीला झबलं... आश्रमात उघडं-नागडं काही म्हणून राहू द्यायचं नाही.

“सिस्टर, ते फटीवाले तुझ्या बाईंच्या खोलीकडे गेलेत गं!” मावशींनी हाक दिली.

ती धावलीच. पण तिच्या डोळ्यांदेखत त्याने पाचर काढली आणि जड दार हळूच, अगदी सभ्यपणे, मिटलं.

आतून किंकाळी आली नाही. आलं ते त्याहून वाईट होतं... एक बारीक, घोगरी हाक. “कुणी आहे का?”

सिस्टरने दार ढकललं. बाई पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, ओठ पांढरे पडले होते. सिस्टरने त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आवाज तिचा कधी चढत नसे. आताही चढला नाही.

“विचारायचं तरी होतं.”

“चुकलं माझं,” तो म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. “पण पाचर राहणार नाही, सिस्टर. धूर माणसाला उठून बसायचीही सवड देत नाही. बंद दाराआड माणूस वाचतो. उघड्या दाराने तुम्ही पोहोचेपर्यंत...” त्याने वाक्य अर्धवट सोडलं.

“खोटं लिहा, असं मी म्हणणार नाही.”

“आणि मी लिहिणारही नाही.”

संध्याकाळी मॅनेजर मॅडमनी निर्णय सांगून टाकला. मॅडम दयाळू होत्या, पण त्यांनी हात टेकले होते. “एका खोलीसाठी बाकीच्यांचा जीव मी टांगणीला लावू? शुक्रवारी त्यांना गावाबाहेरच्या मोठ्या आश्रमात हलवू. तिथे खाटांच्या रांगाच आहेत, दार बंद व्हायचा प्रश्नच नाही.”

“आणि ओळखीची पावलं?” सिस्टरने विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “तिथे मी फार दिवस काढायची नाही गं. राहू दे. तू शब्द पाळलास, तुझ्याकडून झालं तेवढं.”

“अजून झालेलं नाही,” सिस्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला, तेव्हा ती दाराशी उभीच होती.

“इतकी वर्षं तुम्ही दारं बंद होतात का ते बघता. बंद दाराच्या आत कधी बसलाय?”

“...नाही.”

“बाई अंघोळीला गेल्यात. बसा त्यांच्या खुर्चीत. डोळे मिटून. हाक मारलीत की मी येईन. आता मला ती ऐकू येईल का, ते तुमच्या दारालाच ठाऊक.”

“शिक्षा का ही?”

“शिकवणी.”

तो हसला, पण बसला. ती बाहेर, दाराला लागून, देवाचं नाव घेत उभी राहिली. ट्रॉली गेली. मावशी मोठमोठ्याने कुणाला तरी दटावत गेल्या. दार उघडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठेतरी आतच राहून गेलं होतं.

“मी दोनदा हाक मारली.”

“मला नाही ऐकू आली.”

“हं... आजवर अशाच दारांना मी उत्तम म्हणत आलो.” तो दाराच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “तरी पाचर जाणार.”

“जाऊ दे की! आग लागली तर दार मिटायला हवं, हे मला पटलंय. एरवी ते उघडं राहायला हवं, हे तुम्हाला पटलं ना? मग आता कसं ते तुम्ही सांगायचं. मी इथून हलत नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. तिने नजर खाली वळवली, पाय मात्र जागचे हलवले नाहीत.

तोडगा होता. तळहाताएवढी एक डबी, दाराच्या तळाशी बसवायची. तिचा पाय जमिनीला टेकून दार उघडं धरतो. आगीचा भोंगा वाजला की डबीला तो ऐकू येतो, पाय वर उचलला जातो आणि दार मिटतं. तपासणाऱ्याने आपणच काही बसवायचं नसतं, म्हणून त्याने ओळखीचा कारागीर बोलावला, आणि काम चाललं ते दोन्ही दिवस स्वतः नुसतं बघायला म्हणून आला.

“बाई ओरडल्या आणि दार मिटलं तर?” सिस्टरने विचारलं.

“भोंगा आणि बाई यांतला फरक कळण्याइतकी डबी शहाणी आहे.”

“मला ऐकू येतं हो!” आतून बाई.

सिस्टरचा एक नेम होता. सकाळी प्रत्येक खोलीत जायचं, प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवून मनात देवाचं नाव घ्यायचं, मगच स्वतः चहाचा घोट घ्यायचा. त्याने हे पाहिलं. गुरुवारी ती स्वयंपाकघरात आली, तर त्याचाही कप साय धरून तसाच बसलेला.

“घेतला नाहीत?”

“माझा काही नेम नाही,” तो म्हणाला. “सहजच... थांबलो.”

“गार झाला.”

“दोघांचा झाला. बरं झालं.”

तिने दोन्ही कप उचलून पुन्हा गरम करायला ठेवले. पाठमोरी उभी राहिली, कारण चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता. बाहेर पाऊस पन्हळीतून गाणं म्हटल्यासारखा वाहत होता, आणि मावशी दारात उभ्या राहून, सुयांचा एकही टाका न चुकवता, सगळं बघत होत्या.

शुक्रवारी चाचणी. मॅडमची अट सरळ होती. दार मिटलं तर बाई राहतील, नाही तर दुपारी गाडी येईल. बाईंचं गाठोडं बांधून तयारच होतं. त्यांना खालच्या बागेतल्या छपराखाली नेऊन बसवलं आणि मॅडमनी कळ दाबली.

जिन्याकडचा भोंगा कोकलला. खालचा कोकलला. आणि कोपऱ्यातल्या खोलीचं दार... तसंच उघडं. ढिम्म.

भोंगा थांबला. मॅडम हळूच म्हणाल्या, “तुम्ही दोघांनी प्रयत्न केलात. मी गाडीला सांगते.”

तपासनिसाने डबी तपासली. हातातल्या यंत्रावर तसाच आवाज काढून दाखवला, तर दार लगेच मिटलं. डबी चांगली होती.

“मग ऐकलं का नाही तिने?” सिस्टर म्हणाली. “मॅडम, अजून एकदा वाजवा. फक्त एकदा. मग मी अडवणार नाही.”

भोंगा पुन्हा सुरू झाला. या वेळी ती दाराकडे बघतच नव्हती. डोळे मिटून, रुग्णाची छाती ऐकावी तशी ऐकत ती कॉरिडॉरमधून चालली. जिन्यापाशी कान फाटत होते. पुढे आवाज विरळ होत गेला, आणि बाईंच्या दाराशी तर कुणीतरी उशीखालून रडावं तसा. ती थांबली. वर पाहिलं.

“शिडी,” ती म्हणाली.

छताच्या कोपऱ्यात, छताच्याच रंगाची, नीटनेटकी, कडेला नाजूक झालर असलेली लोकरीची टोपी होती. आणि टोपीच्या आत भोंगा.

 सगळ्यांच्या माना एकदम मावशींकडे वळल्या.

“असं काय बघताय?” मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. “दर बुधवारी चाचणीला तो मेला किंचाळायचा, आणि बाजूचे आजोबा झोपेतून दचकून उठायचे. छाती धरायचे हो! मला बघवेना. म्हणून जरा... कान बांधला त्याचा. रंग किती जुळवलाय बघा ना!”

मॅडमनी कपाळाला हात लावला. तपासनीस शिडीवर चढला, टोपी काढून हलक्या हाताने मावशींच्या ओंजळीत ठेवली. हसला नाही.

“मावशी, आग लागली असती तर याच्या हाकेवर या बाजूची सगळी माणसं उठायची होती. आजोबांना चाचणीआधी जागं करून हात धरून बसा. पण याचं तोंड पुन्हा कधी बांधू नका.”

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. “नाही बांधणार. देवाशपथ.” त्यांनी टोपी तिथेच उसवायला घेतली.

तिसऱ्यांदा कळ दाबली. भोंगा असा गरजला की खालच्या बागेतून बाईंनी “शांतता!” म्हणून ओरडलेलं कुणालाच ऐकू आलं नाही. दार निघालं, न अडखळता आलं आणि मिटलं. मॅडमनी खिशातून फोन काढला. “गाडी नको,” एवढंच त्यात म्हणाल्या आणि भर्रकन निघून गेल्या. डोळे पुसायला बहुतेक.

बाई खोलीत परत आल्या. उघड्या दाराची कड चाचपून खुर्चीत बसल्या. सगळं ऐकून घेतलं, आणि मग नेमका प्रश्न विचारला.

“म्हणजे दर बुधवारी, चाचणीपुरतं, हे मिटणार.”

“हो, बाई.”

“तेव्हा आत माझ्याजवळ कोण?”

“मी,” सिस्टर म्हणाली.

“तू कुणाच्या सलाइनला अडकलीस तर?”

“मी,” तो म्हणाला.

सिस्टरने चमकून पाहिलं. “तुमचं काम तर सोमवारपासून नदीपलीकडे ना? तिथून इथे यायचं म्हणजे...”

“बुधवार सकाळ मी मागून घेतलीय.”

“का हो?” बाईंनी मान तिरकी केली. “एका म्हातारीसाठी?”

“तुमच्यासाठी. आणि... म्हणजे...”

“उत्तर पूर्ण वाक्यात. अर्ध्या उत्तराला मी गुण देत नसे.”

त्याने कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. मग सिस्टरकडे वळला.

“मला तुम्ही फार आवडता. तुम्ही हो म्हणालात, तर मला तुमच्याशी लग्न करायचंय. आणि नाही म्हणालात तरी बुधवारी मी येणार, कारण तो शब्द बाईंना दिलाय.”

बाहेर पावसाची सर थांबली होती. पागोळ्या तेवढ्या गळत होत्या... टप्... टप्...

“आता तू,” बाई म्हणाल्या. “पूर्ण वाक्यात.”

सिस्टरने पदराशी चाळा केला नाही, खिडकीकडे पाहिलं नाही. नेहमीच्याच हलक्या आवाजात, पण प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारत ती म्हणाली, “मलाही तुम्ही आवडता, आणि मी तुमच्याशी लग्न करीन.”

“छान,” बाई म्हणाल्या. “आता दोघंही बाहेर जा. मला झोप येतेय. आणि—”

“लोटत नाही, बाई,” दोघं एकदमच म्हणाले.

मंगळवारी दिवसभर पाऊस कोसळत राहिला. नदीपलीकडच्या वस्तीत संध्याकाळीच बातमी आली. पुलावर पाणी चढतंय, सकाळच्या बसचं काही सांगता येत नाही, पायी पलीकडे सोडतील बहुधा, पण उजाडताच, पाणी आणखी चढायच्या आत. तपासनिसाबरोबर खोलीवर राहणारा सोबती पांघरूण ओढत म्हणाला, “उद्या सुट्टीच समज. एका बुधवारी नाही गेलास तर काय बिघडतं?”

 त्याने बूट दाराशी, अंधारात हाताला लागतील असे ठेवले.

पहाटे सोबती घोरत होता. त्याने दिवा न लावता कपडे केले, बूट हातात घेतले, कडी आवाज न करता सरकवली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बूट चढवले, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले, छत्री उघडली आणि पुलाच्या दिशेने चालू लागला.