पुरातली सतरा मिनिटं

मोबाईल खाली ठेव, अंतरा. जितेश, तू पण. माझ्या बहिणीचा मुलगा सुशील, पेणला टीव्हीवाल्यांचे कॉम्प्युटर बघतो, त्याच्या बाबतीत हे घडलं. त्यानं स्वतः मला सांगितलं आणि सांगून झाल्यावर मोरीत जाऊन ओकला.

२०२४ चा डिसेंबर, बारा तारीख, गुरुवार. रोह्यात निलेश नावाच्या माणसाचं एक केबल चॅनल होतं. बातम्या दाखवायचं सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर, आणि वीस वर्षांचं जुनं चित्रीकरण वेगळ्याच डिस्कच्या पेटीत. दोन्ही जोडून द्यायचं, म्हणजे जुनी क्लिप शोधली की थेट दाखवता येईल, एवढंच काम. दिवसा चॅनल चालू, म्हणून रात्री बोलावलेलं. वडखळला चहा घेऊन सुशील निवांत पोचला. निलेशनं कुलूप उघडून दिलं आणि तो घरी झोपायला गेला. घर मागच्याच गल्लीत.

दीड वाजता जोडणी झाली. नीट चालतंय का बघायला सुशीलनं एक जुनी क्लिप लावली. सतरा मिनिटांची.

नागोठण्याचा पूर. पाण्यात अर्धं बुडालेलं करंजाचं झाड, फांदीला धरून एक बाई. कॅमेरा काठावर, फार तर दहा हातांवर. गाडीचा दोर बाजूलाच पडलेला, तोही दिसतो. बाई म्हणते, "दादा, दोर टाका."

कॅमेऱ्यामागून निलेशचा आवाज येतो, "जरा थांब गो. तोंड इकडं कर."

आणि तो हसतो. सतरा मिनिटं हेच. शेवटी बाईचा एक हात सुटतो, तिथं क्लिप संपते.

सुशीलनं निलेशला फोन लावून बाईचं काय झालं विचारलं. निलेशनं जांभई दिली.

"गेली. दुसऱ्या दिवशी पुलाखाली सापडली. दर पावसाळ्यात लावतो ती क्लिप, आवाज बंद करून. हसणं तेवढं काप."

ज्या बोटांनी ती क्लिप लावली, त्या बोटांचीच सुशीलला किळस आली. हे काम मला नको म्हणाला आणि पेटीची वायर उपटली. दोन वाजून दहा मिनिटं.

चित्र गेलं नाय.

फांदीवरची बाई आता गप्प होती. समोर बघत होती. सुशीलकडं नाय... त्याच्या कानाला लावलेल्या फोनकडं.

फोनवर निलेश हळूच म्हणाला, "सुशील... माझं दार कोण वाजवतंय?"

मग पाण्याचा आवाज. मग काहीच नाय...

मग बाईचा आवाज. अगदी शांत.

"जरा थांब, दादा. तोंड इकडं कर."

सुशील मागच्या गल्लीत धावला. निलेशच्या घराचं दार सताड उघडं. फरशी कोरडी. निलेश भिंतीला टेकून बसलेला, जिवंत, आणि तोंडात गाळ. घशापर्यंत कोंबलेला, काळा, सडका. सुशीलनं बोटं घालून काढला तरी येतच होता... वास अजून जात नाय म्हणतो. निलेश वाचला. बोलत नाय. खरं सांगू? मला त्याची दया आली नाय.

चॅनल बंद पडलं. सकाळी सुशीलनं ऑफिसच्या कपाटातून त्या पुराची मूळ टेप काढली आणि पोलिसांत नेली. ती टेप त्या रात्री कुठल्याच वायरला जोडलेली नव्हती. चौकीत सगळ्यांसमोर लावली. पूर होता. झाड होतं. निलेशचं हसणं होतं, पूर्ण सतरा मिनिटं.

फांदीवर कोणी नव्हतं. फांदी नुसती हलत होती.