टेपचं दुसरं टोक

कंदील जरा बारीक करा रे. कौस्तुभ, इकडे सरक. आणि मधे हसायचं नाही. गुणवंत आमच्याच ऑफिसात होता, मीरा रोडला नकाशे काढायचा, म्हणून सांगतोय.

एक्याण्णव साल, पंधरा जानेवारी, मंगळवार. संक्रांतीनंतरची किंक्रांत. त्या दिवशी नवं काम काढू नये म्हणतात. पण मुर्ध्याच्या खाडीकाठचा जुना तुरुंग पाडायचा होता आणि साहेबांना त्याची मापं सकाळी टेबलावर हवी होती. गुणवंत निघाला. सोबतीला हरिश्चंद्र. दोघे रत्नागिरीकडचे, एकाच वाडीतले. गुणवंतनंच त्याला नोकरीला चिकटवलं, चार महिने घरी ठेवून जेवू घातलं. सख्खा भाऊ तरी एवढं करतो का?

तुरुंग कसला, मिठागरातलं मीठ चोरणाऱ्यांना डांबायला इंग्रजांच्या काळात बांधलेल्या तीन कोठड्या. भिंती दोन हात जाड. दारं इतकी बुटकी की आत शिरताना मान खाली घालावीच लागे. कडी फक्त बाहेरून. जमिनीलगत एक मोरी तिन्ही कोठड्यांतून आरपार गेलेली, जेमतेम मूठ शिरेल एवढी. तिसरी कोठडी मात्र दगडांनी चिणून टाकलेली.

"त्यात दोगं व्हते," राखणदार धाकू म्हणाला. "येक सुटला. बोलला, चावी घेऊन येतो. आलाच न्हाय. रातची भरती शिरली..." आणि तो घरी जेवायला गेला.

संध्याकाळचे सात वाजले होते. मधल्या कोठडीचं शेवटचं माप राहिलं होतं. गुणवंत आत, मागच्या भिंतीला टेपचं शून्याचं टोक धरून. हरिश्चंद्र बाहेर, टेपची चामडी डबी घेऊन. आमच्या कामात रीत अशी, की वाचणारा "सोड" म्हणेपर्यंत धरणाऱ्यानं टोक सोडायचं नाही.

धाडकन दार लागलं. कडी पडली.

"हरी? मस्करी नको हां."

बाहेर पावलं वाजली. पळत दूर गेली.

"हरी!..."

पण दाराखालून गेलेली टेप ताणलेलीच होती. म्हणजे बाहेर कुणीतरी धरून होतं. आहे, आपला हरी आहे, असं म्हणत गुणवंतनं टोक सोडलं नाही. ओरडून ओरडून घसा बसला.

बारा वाजता मोरीतून पाणी आलं. आधी घोट्याला. मग गुडघ्याला.

टेप हलली... आता ती दाराकडे जात नव्हती. मोरीत जात होती. चिणलेल्या कोठडीकडे.

दोन हलके झटके. 'धरलंयस ना?' असं आम्ही विचारतो, तसे.

गुणवंतनं उलट दोन झटके दिले.

पाणी कमरेला...

टेप सैल पडली नाही.

पहाटे धाकूनं दार उघडलं तेव्हा पाणी ओसरलं होतं. गुणवंतची बोटं त्याला एकेक करून सोडवावी लागली. टेप मोरीतून ओढली, निघेना. शेवटी कापली.

आणि हरिश्चंद्र? रात्री नऊला तो गुणवंतच्याच घरी पोचला होता. सुचेतावहिनींना म्हणाला, "तो डोंगरीच्या साइटवर राहिलाय, सकाळी येईल." वर गुळाच्या दोन पोळ्याही खाल्ल्या. पुढे गुणवंतच्या पाया पडून रडला. म्हणाला, "चिणलेल्या भिंतीतून कुणीतरी विचारलं, 'चावी आणलीस?' दार कसं लागलं, ठाऊक नाही. डबी टाकून पळालो."

"पळालास ते समजू शकतो, हरी," गुणवंत म्हणाला. "पण माझ्या पानावर बसून जेवलास कसा?" त्यानंतर तो त्याच्याशी जन्मात बोलला नाही.

महिन्याभरानं तुरुंग पाडला. तिसऱ्या कोठडीचे दगड काढताना मी तिथे उभा होतो. आत टेपची डबी पडली होती. ताटलीएवढी, हरिश्चंद्रचं नाव लिहिलेली. मोरी मुठीएवढी...

चामड्यावर मिठाची पाच बोटं उमटली होती. घट्ट. ज्यानं धरलं होतं, त्यानं सोडलं नव्हतं.