तिसऱ्या ओळीनंतरची जागा

मॉन्कस्टो गावच्या चर्चमध्ये मिस हॉनर ग्विलिअम ऑर्गन वाजवायची. पण तिला सगळ्यांत जास्त काय आवडतं असं कुणी विचारलं असतं, तर तिने ऑर्गनचं नाव घेतलं नसतं. स्तोत्र सुरू व्हायच्या आधी गाणारे सगळे मिळून श्वास आत घेतात, तो आवाज तिला आवडायचा. त्यांच्याकडे पाठ करून बसलेली असली तरी तिला एकेक श्वास ओळखू यायचा. टोबी लग लोहाराचा श्वास त्याच्या भात्यासारखा, तर पोस्टातल्या मिस पार्फिटचा नाकातून बारीक शिट्टी वाजवत येणारा. त्या क्षणी सगळे एकमेकांसाठी थांबलेले असतात. गाण्याच्या आधी देवाला तेच ऐकू जात असेल, असं तिला मनातून वाटे. हे ती कुणाला बोलली मात्र नव्हती.

वडील गेल्यापासून ती एकटीच राहत होती, पण कुढत नव्हती. सकाळ-संध्याकाळ मोठ्याने प्रार्थना म्हणायची, हा वडिलांचा नेम तिने मोडला नव्हता. परसात सफरचंदाची झाडं होती, आणि उरलेल्या वेळात ती संगीत लिहायची. नवे राजे गादीवर आले त्या वर्षी तिचं नशीब उघडलं. जिल्ह्याच्या गावी मोठ्या चर्चमध्ये सप्टेंबरात संगीताचा मेळा भरायचा, त्यात तिची तंतुवाद्यांची रचना वाजवायचं ठरलं. तेव्हा जुनी गावगाणी टिपून त्यांतून नवं संगीत रचायची लाटच आली होती. शहरातले लोक सायकली हाणत येऊन म्हाताऱ्यांच्या पुढ्यात बसत. हॉनरला सायकलीची गरज नव्हती. रचनेचा मधला संथ भाग अडला तेव्हा ती नुसती गल्ली उतरून केझाया प्रीसकडे गेली.

प्रीसआजी दारात बसून वाटाणे सोलत होती. आत चुलीपाशी दोन तिवया होत्या. त्यांतली एक ओढून घ्यायला हॉनरने हात पुढे केला.

"ती नको, पोरी. पायरीवर टेक. ऊन छान आहे," आजी म्हणाली.

तिवई तर रिकामी होती. वर धूळही नव्हती, बसून बसून लाकूड गुळगुळीत झालं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या घरात अशा खोडी असायच्याच, म्हणून हॉनर पायरीवर बसली.

आजीने म्हटलेलं गाणं टेकडीवर गेलेल्या कुणालातरी खालून हाक मारणारं होतं. चाल इतकी साधी की ती आपल्याला आधीपासून येत होती असं वाटावं. कडव्याच्या चार ओळी. तिसरी ओळ झाली की आजी थांबायची, हातातली शेंग तशीच धरून टेकडीकडे बघायची, मग चौथी म्हणायची. प्रत्येक कडव्याला हेच. वय झालंय, दम पुरत नाही, असं हॉनरने मनाशी म्हटलं.

गावात प्रत्येकाचं गाणं ठरलेलं असे. टोबीचं गाणं टोबीनेच म्हणायचं. त्याने आपणहून दिल्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही. म्हणून हॉनरने रीतसर विचारलं, मला द्याल का. आजीने आधी हातातली शेंग सोलून संपवली.

"देते," ती शेवटी म्हणाली. "पण आहे तसं घे. काही इकडचं तिकडे करू नको."

हॉनरने मान डोलावली. आणि घरी येऊन, शिकलेला संगीतकार करतो तेच केलं. म्हाताऱ्यांचा दम तुटतो तिथला ताल सरळ करून घ्यायचा, असं तिला शिकवलेलं होतं. तिसरी ओळ चौथीला जोडली. चाल पाण्यासारखी वाहू लागली. त्या आठवड्यात मधला भाग लिहून झाला.

गळ्यांतून चाल कशी लागते ते ऐकावं म्हणून चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला तिने ती गावातल्या मंडळींकडून म्हणवून घेतली. बाहेर लख्ख संध्याकाळ होती, उघड्या दारातून कापल्या गवताचा वास येत होता. तिसरी ओळ संपून चौथी लागत होती, आणि त्या सांध्यावर कुणीतरी श्वास घेतला.

तो टोबीचा नव्हता. मिस पार्फिटचाही नव्हता. खोल, सावकाश, खूप चालून आलेल्या माणसाचा वाटावा असा होता.

चुकीच्या जागी श्वास कोण घेतंय, असं हॉनरने विचारलं.

"मी नाही," टोबी म्हणाला. "मी घेतला की वरची घंटा हलते, तुम्हाला कळलं असतं."

"घंटेचं माहीत नाही," मिस पार्फिट म्हणाली, "पण माझी टोपी मात्र हलते."

सगळे हसले. हॉनरही हसली.

रविवारी उपासनेत नेहमीचं स्तोत्र होतं, लहान मुलांनाही पाठ असलेलं. तिसरी ओळ झाली आणि अख्खं चर्च थांबलं. ऑर्गनही थांबला. तिचे स्वतःचे हात पट्ट्यांवरून उचललेले होते. एका श्वासापुरती शांतता, मग सगळ्यांनी मिळून चौथी ओळ धरली. पुढच्या कडव्यालाही तसंच. बाहेर पडताना पाद्रीसाहेब म्हणाले की आज गाणं फार छान जमलं होतं. टोबीला तिने विचारलं, तर तो म्हणाला, थांबलं कोण? मग तिच्याकडे जरा काळजीने बघून, डोक्यावर टोपी घालत जा, ऊन वाढलंय, असं सांगून गेला.

त्यानंतर तिला ते सगळीकडे ऐकू यायला लागलं. लोहारशाळेतल्या घणात, ओढ्यापलीकडच्या कबुतराच्या घुमण्यात तेवढी एक जागा सुटायची. आणि एका संध्याकाळी प्रार्थना म्हणताना तिच्या ध्यानात आलं की आपणही तिसऱ्या वाक्यानंतर थांबतो आहोत. कधीपासून, ते तिला सांगता येईना.

भीती अशी तिला वाटली नाही. दुसऱ्याचं वाढलेलं ताट आपण ओढून घेतलं असावं, तसं वाटलं.

हॉनर प्रीसआजीकडे गेली तेव्हा आजी आलुबुखार निवडत होती. हॉनरने काही सांगायच्या आतच ती म्हणाली, "जागा बुजवलीस ना?"

"मला वाटलं तुम्हाला दम लागतो."

"दम?" आजी खुदकन हसली. "अगं, विहिरीवरून दोन बादल्या अजून मीच आणते. त्या जागेतली ओळ आपली नाही, म्हणून थांबायचं."

"मग कुणाची?"

"माझ्या मावशीने विचारलं नाही, मीही विचारलं नाही." आजीने एक किडकं फळ कोंबड्यांकडे फेकलं. "बसायची जागा काढून घेतली की पाहुणा मिळेल तिथे टेकतो. रागवत नाही बिचारा. पण टेकतो."

तिची नजर क्षणभर आतल्या तिवईकडे गेली. हॉनरने तिकडे पाहिलं नाही.

त्या रात्री प्रार्थना झाल्यावर तिने सगळे कागद काढले आणि सुटलेला एक श्वास प्रत्येक वाद्याच्या पानावर पुन्हा लिहिला.

वाद्यवृंद चालवणारे मिस्टर लँगरिश यांना ते मुळीच रुचलं नाही. वादक विसरले असं लोकांना वाटेल, ते म्हणाले. नवख्या बाईच्या रचनेत असलं भोक राहिलं तर हसं तिचं होईलच, पण त्याआधी त्यांचं होईल. त्यांनी पेन्सिल उचलली. हे खोडू द्या, नाहीतर रचना मेळ्यातून काढून घ्या, असं त्यांचं म्हणणं.

वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात येऊन असं टांगलेलं होतं. हॉनरचा आवाज मुळातच हळू होता, तो आणखी हळू झाला.

"मग काढून घेते," ती म्हणाली. "ते खोडणं माझ्या हातात नाही. मी शब्द दिलाय."

लँगरिशनी पेन्सिल खाली ठेवली. मग, निदान एकदा ऐकू तरी, असं पुटपुटत त्यांनी काठी उचलली. व्हायोलिनांनी तिसरी ओळ संपवली. काठी वर राहिली. सगळे थांबले.

काठी खाली यायला जरा जास्तच वेळ लागला.

भाग संपल्यावर त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "राहू द्या," एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं की मागे थोरल्या व्हायोलिनांपाशी कोण येऊन बसलं होतं. तिथे कुणी नव्हतं.

मेळ्याच्या दिवशी दुपारी टोबीने प्रीसआजीला आपल्या गाडीतून आणलं. तिने काळी टोपी घातली होती आणि रुमालात चीज-पाव बांधून घेतला होता. उंच खांबांच्या मधून ऊन तिरकं उतरत होतं. संथ भाग आला, चाल आली, तिसरी ओळ झाली. इतक्या माणसांत कुणी खोकलं नाही. आजीने डोळे मिटले होते. चौथी ओळ सुरू झाली तेव्हा हॉनरला छातीवरून ओझं उतरल्यासारखं वाटलं.

टाळ्या खूप पडल्या. परतताना टोबी म्हणाला, संगीतातलं आपल्याला कळत नाही, पण मध्ये घरी आल्यासारखं वाटलं बुवा. पुढच्या रविवारी स्तोत्र सरळ म्हटलं गेलं, एकही जागा न सुटता. कबुतरंही नीट घुमत होती. मोहरलेल्या मनाने हॉनर झाडांची सफरचंदं उतरवू लागली.

त्यांतली टोपलीभर घेऊन ती आजीकडे गेली. आजी मजेत होती, दुसरंच कसलंसं गाणं गुणगुणत होती. हॉनरने टेकडीच्या गाण्याचा विषय काढला, तर आजीने कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं आणि हसून मान हलवली. येईना. दिलं म्हणजे दिलं.

टोपली कुठे ठेवावी म्हणून हॉनर घुटमळली.

"ठेव की तिवईवर," आजी म्हणाली. "नाहीतर तूच बस. आता रिकामी आहे ती."

हॉनर घरी आली तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. शेगडीसमोर वडिलांची खुर्ची होती. तिच्यावर ते गेल्यापासून संगीताच्या कागदांचा ढीग असायचा. तो ढीग आता खाली, भिंतीशी, नीट रचून ठेवलेला होता. तिने तो तिथे ठेवला नव्हता.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने शेगडी पेटवली, प्रार्थना म्हटली, विणकाम घेतलं आणि आपल्या खुर्चीत बसली. हळू आवाजात गाणं म्हणायला लागली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी.

तिने टाका पुरा केला आणि थांबली.

समोरच्या खुर्चीत कुणीतरी, आता गायचंय अशा बेताने, श्वास आत घेतला.