सम चुकली कुणाची?

सम (तालाची पहिली मात्रा) चुकते कुणाची, हेच शर्वाणीला कळेना. मैत्रीण इरा नाशिकला राहायला गेली, तरी दोघींची जोडी मोडली नव्हती. इरा तिकडून गायची, शर्वाणी डोंगरावरच्या आपल्या घरातून तबल्याची साथ करायची. छपरावर इंटरनेटची नवी थाळी बसल्यापासून पडद्यावर इराच्या कानातले डूलसुद्धा स्पष्ट दिसत. ताल मात्र पार बिघडला होता. इरा म्हणे, तू मागे पडतेस. शर्वाणीला वाटे, इराच मागे पडते. एकाच वेळी दोघी मागे कशा पडतील? शेवटी रविवारच्या स्पर्धेसाठी दुसरी तबलजी बघते, असं इराने सांगून टाकलं. शर्वाणीला रडूच कोसळलं.

टेलिफोनची जुनी तांब्याची तार काढायला आलेला यंत्रमानव दारातच थबकला. मुलं त्याला तारकाका म्हणत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हात चुकत नाही तुझा," तो म्हणाला. "आवाज फार लांबून फिरून जातोय."

शर्वाणी आणखीच चक्रावली. थाळी तर सगळ्यात झकास ना? तारकाकाने समजावलं. ही थाळी बोलते भूस्थिर उपग्रहाशी (पृथ्वीबरोबर फिरणारा, म्हणून आकाशात एकाच जागी दिसणारा). तो छत्तीस हजार किलोमीटर वर. ती वाट रुंद, म्हणून चित्र छान. पण लांब, म्हणून विलंब (संदेश पोहोचायला लागणारा वेळ) जास्त. शर्वाणीची थाप तिकडे उशिरा, इराचा सूर इकडे उशिरा. मोबाइलच्या मनोऱ्यावरच्या बिनतारी लहरींना मधला कडा आडवा येतो. प्रकाशतंतूची (प्रकाशातून माहिती नेणारा काचेचा बारीक धागा) वाट रुंदही आणि जवळचीही, पण तो अजून घाटाखालच्या गावापर्यंतच आलाय.

"मग आता उरलं काय?"

तारकाकाने हातातली धुळकट तार दाखवली. "ही वाट अरुंद आहे. चित्र धड जायचं नाही, पण आवाज मावेल. खालच्या गावापर्यंत ही, पुढे प्रकाशतंतू."

जी तार भंगारात निघाली होती, ती थाळीला भारी पडणार? शर्वाणीला काही पटेना. तरी तिने इराला एकदाच गायची गळ घातली. तारकाकाने तार पुन्हा जोडली. पडदा काळा झाला, इरा दिसेनाशी झाली, आणि शर्वाणीला फार एकटं वाटलं. तिने डोळे मिटून ठेका धरला. इराचा सूर फिरून समेवर आला, आणि नेमकी तिथेच थाप पडली.

गाणं संपेपर्यंत एकही सम चुकली नाही.

"शरू," तिकडून इरा म्हणाली, "त्या दुसरीला मी नको म्हणून कळवते."

तारकाकाने हत्यारं पिशवीत भरली. घाटात प्रकाशतंतूसाठी चर खणायला सुरुवात झाली होती. तो तंतू वर आला की इरा दिसणारही होती आणि तालही जुळणार होता.

"तोवर तार राहू दे," शर्वाणी म्हणाली, आणि फडक्याने तिच्यावरची धूळ पुसू लागली.