उघड्या प्लेटवर बोलायचं नाही

माझं त्याच्याशी पहिलं बोलणं म्हणजे ‘श्श!’

तो गुणगुणत लॅबमध्ये शिरला आणि माझ्या हातात पेशींची उघडी प्लेट. उघड्या प्लेटवर बोलायचं नाही, हा आमचा पहिला धडा. तोंडातला एखादा जंतू आत पडला, की महिनोन्‌महिन्यांचं काम मातीत. बिचारा ओठांवर बोट ठेवून उभा राहिला… मी झाकण ठेवेपर्यंत.

“आता श्वास घेऊ?”

“घे. पण तिकडे तोंड करून!”

मग आमचं जमलंच. दोघांच्याही नोकऱ्या कच्च्या, त्यामुळे हसायला विषय पुष्कळ. “पेशी बघ, भराभर दुप्पट होतात,” तो म्हणायचा, “आणि आपला पगार कसा शहाण्यासारखा जागच्या जागी!” आई फोनवर विचारायची, “अगं, तू पक्की कधी होणार?” मी म्हणायचे, “या प्लेटा पिकल्या की.” ते खरंच होतं. त्यांच्यावरच माझी कायमची जागा ठरणार होती.

त्या दिवशी आभाळ सकाळपासून काळवंडलेलं. मी प्लेट उघडली तेवढ्यात तो मागे येऊन उभा राहिला.

“दूरच्या एका लॅबनं बोलावलंय. आजच कळवायचंय. मुद्दाम आत्ता विचारतोय… म्हणजे तुला पटकन ‘नाही’ म्हणता येणार नाही. मला तू आवडतेस. थांबू का — तुझ्यासाठी?”

झाकण ठेवायला कितीसा वेळ लागतो? मला ‘थांब’ म्हणायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण मी मान खाली घालून एकेका प्लेटमधल्या पेशींना त्यांचं गुलाबी खाणं-पाणी घालत राहिले. शेवटचं झाकण ठेवून वळले, तर दार नुसतं हलत होतं.

दोनच दिवसांत प्लेटांमधलं गुलाबी पाणी पिवळं, गढूळ झालं.

“कुणीतरी बोललंय यावर,” आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मला रडूसुद्धा येईना.

तो आपलं टेबल आवरत होता. मी एक नासलेली प्लेट त्याच्यासमोर ठेवली आणि झाकण काढलं.

“थांब ना… मलाही तू आवडतोस. फार.”

“तिकडच्या कागदांवर सही केली गं मी.”

“माहितीये.”

“मग आत्ता कशाला सांगतेस?”

“तू विचारलं होतंस ना…”

त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. बाहेर पाऊस लागला होता. त्या उघड्या प्लेटवर आम्ही पुष्कळ वेळ बोललो. आता तिच्यात बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं.